न चाखलेली वीट

माझा मामा विटा चाटायचा. शाळेत असताना मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण मला चिडवायला पोरांना आधीच पुरेसा माल होता. पण गोष्ट खरी होती आणि अख्ख्या वस्तीला माहीत होती. पाडकामावरून राडारोड्याचा ट्रक त्याच्या आवारात येऊन उभा राहिला की मामा वर चढायचा, ढिगातून इथली एक, तिथली एक वीट उचलायचा, कडेचा टवका उडवायचा आणि आतल्या ताज्या भागाला जीभ लावायचा. मग डोळे मिटून क्षणभर उभा राहायचा. खालून ड्रायव्हर ओरडायचा, "काय वीटचाट्या, मीठ बरोबर पडलंय का?" मामा बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, "जास्त झालंय. परत ने."

मीठ म्हणजे लोणा. जुन्या भिंतीला खालच्या बाजूने पांढरी भुकटी सुटते ना, ती. जमिनीतली ओल भिंतीत चढते, येताना खार घेऊन येते. पाणी उडून जातं, खार विटेत बसून राहतो. घरमालक वरून रंग काढतो आणि पुढच्या वर्षी रंगाचे पापुद्रे झाडूने गोळा करतो. अशी वीट कुंपणाच्या भिंतीत वगैरे खपून जाते, पण मामाला ती चालायची नाही. कारण मामा विटांवर झाडं लावायचा.

तो मूळचा पाडकामवाला. लोकांची घरं खाली उतरवण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. मग एक आर्किटेक्ट बाई त्याच्या आवारात आली आणि विटांच्या ढिगाकडे दुसऱ्या बायका सोन्याच्या दुकानाकडे बघतात तशी बघत उभी राहिली. तिला गच्च्यांवर बागा करायच्या होत्या. बागेतली माती गच्चीवर चालत नाही, असं तिने मामाला समजावलं. ती भिजली की एवढी जड होते की स्लॅब वाकेल, आणि वाळली की दगड. त्याऐवजी फुटक्या विटा आणि कौलं भरडून घालायची. विटेला बारीक भोकं असतात, त्यांत ती पाणी धरून ठेवते आणि जास्तीचं सोडून देते. त्यात थोडं पालापाचोळ्याचं खत, फाटक्या गाद्यांतला काथ्या, बस्स. लोकांनी टाकलेल्या गोष्टींतून उभी राहिलेली ही माती नसलेली माती. मामा तिला 'भरण' म्हणायचा आणि कुणी माती म्हटलं की रागवायचा.

बाई हिशेब करायची, मामा भरडायचा आणि चाळायचा. मोठे तुकडे सगळ्यात खाली, पाणी वाहून जायला. त्यावर जाड कापड, मग मधला चुरा. पिठासारखी भुकटी मात्र बाहेर काढायची, नाहीतर ती कापडात बसते आणि वर तळं होतं. हे सगळं मामा बाईकडून शिकला आणि शिकल्याचं सगळ्यांना सांगत फिरला, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. प्रत्येक भरणाची एक पिशवी बाई प्रयोगशाळेत पाठवायची. मामा म्हणायचा, "माझी जीभ म्हणजे दारावरचा रखवालदार. घरात कुणाला घ्यायचं ते बाईंची प्रयोगशाळा ठरवते." त्या कामात तो रमला. आयुष्यभर घरं पाडली, आता घरांच्या डोक्यावर काहीतरी उगवतंय, याचं त्याला फार अप्रूप होतं. लाल धुळीने त्याचे सदरे गुलाबी झाले होते. मामी म्हणायची, "आमच्या घरात पांढरं काही टिकत नाही, एक माझे केस सोडले तर." आणि जेवताना तो नको म्हणाला की, "हो, कशाला जेवाल! बाहेरून विटा चाखून आलात ना!"

असा हा दिलखुलास माणूस. आणि त्याच्या सख्ख्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी, तो बोलत नव्हता. चूक. तो बोलायला तयार होता, तीच बोलत नव्हती. हेही चूकच. बोलत दोघंही होती, पण माझ्यातून.

झालं होतं असं. आजोबांच्या घरामागे स्वयंपाकघराच्या दारापासून नळापर्यंत एक मातीचा पट्टा होता. आई लहानपणापासून तिथे काय काय लावायची. नळाखाली पुदिना, भिंतीशी एक गुलाब, दोऱ्यांवर चढवलेले वेल. लग्न होऊन निघाली तेव्हा रडली नाही, फक्त मामाला म्हणाली, "दादा, पाणी तेवढं घालत जा रे." मामा घालत होता. मग एक दिवस आजोबा नळापाशी चिखलात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. मामा घाबरला. घाबरला की त्याचे हात चालायचे, डोकं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने झाडं उपटून ट्रकमध्ये टाकली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा घातला. आजोबा पुन्हा घसरू नयेत, एवढंच त्याच्या मनात होतं. एखादं झाड कुंडीत काढून ठेवावं, बहिणीला कळवावं, हे त्याला सुचलंच नाही.

आई त्यानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती पायातल्या चपला न काढता थेट मागच्या दाराशी गेली. दार उघडून उभी राहिली. मग दार लावलं, बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली आणि मामीला म्हणाली, "पाणी मिळेल का?" माहेरच्या घरात पाणी मागून प्यायली. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. ती भांडली नाही. त्या दिवसापासून त्या घरात ती पाहुणीसारखी बसली, मागचं दार तिने पुन्हा कधी उघडलं नाही आणि 'दादा' ही हाक तिच्या तोंडून गेली ती गेलीच.

मग मी जन्मले आणि दोघांची सोय झाली. मला नीट बोलताही येत नव्हतं तेव्हापासून मी कामाला लागले. "मामाला विचार, चहा घेतो का." मामा हातभर अंतरावर बसलेला. "आईला सांग, साखर कमी घाल म्हणावं." मी इकडून तिकडे मान वळवायची. नंतर नंतर नुसती मान वळवली तरी भागायचं. पुढे मी टपाल खात्यात कशी लागले नाही, याचंच मला नवल वाटतं. माया नव्हती असं नाही हं. आईने काही चांगलं केलं की मामाचा डबा सगळ्यात आधी भरून बाजूला निघायचा. फक्त तो माझ्या हातून जायचा.

मी मात्र मागचं दार उघडायची, म्हणून मला एक गोष्ट माहीत होती. कोबा घातल्यावर वर्षभराने नळाखालच्या चिरेतून पुदिना वर आला होता. मामाने छिन्नी घेऊन त्याच्याभोवतीचं सिमेंट ताटलीएवढं फोडलं आणि त्यावर कुणी पाय द्यायचा नाही, असं घरात बजावलं. मी कळती झाल्यावर एकदा विचारलं, "आईला सांगू?" मामा म्हणाला, "नको. तिला बघायचं असेल तर ती येईल मागे." ती कधी मागे गेली नाही आणि त्याने कधी बोलावलं नाही. बहीणभावाचा हट्ट एकाच भट्टीत भाजलेला होता, दुसरं काय.

आजोबा गेले. पुढे रस्ता रुंद करायचा ठरला आणि घरही गेलं. ते मामाने स्वतः उतरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या विटांचा ढीग आवारात छपराखाली वेगळा ठेवला. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "त्या सोडून बोला." त्याच सुमारास आईबाबा एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेले. वरची गच्ची त्यांच्याच वाट्याची होती, पण तिचा उपयोग एवढाच की उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखा तापायचा. आई दुपारभर ओला टॉवेल मानेवर घेऊन बसायची. हे मामाच्या कानावर गेलं. "आईला सांग, गच्ची थंड करून देतो."

मी सांगितलं. आईने मानेवरचा टॉवेल पुन्हा भिजवून पिळला. मग म्हणाली, "मामाला सांग, त्याची मर्जी." तिच्या भाषेत याचा अर्थ 'ये' असा होता. मामाला ती भाषा येत होती. तो लहान मुलासारखा हरखला.

बाईने येऊन स्लॅब तपासला, किती वजन पेलेल ते सांगितलं आणि नेहमीप्रमाणे भरणाची पिशवी मागितली. मामा हसला. "बाई, या आमच्या घरच्या विटा. वडलांनी भट्टीवर उभं राहून निवडून आणलेल्या. यांची कसली परीक्षा घ्यायची?"

"नियम सगळ्या विटांना सारखाच असतो हो," बाई म्हणाली.

"पुढच्या कामाला दोन पिशव्या देतो."

घरचं काम म्हणून बाईने फार ताणलं नाही. मी तेव्हा सुट्टीवर आले होते. मामा तो ढीग भरडत असताना मी तिथेच एका पोत्यावर बसून होते. त्याने वीट न् वीट हाताळली, एकीवर आजोबांच्या वेळचा निळा रंग होता तो मला दाखवला, एक नुसतीच हातात धरून बसला. एकही जिभेला लावली नाही. ट्रक ड्रायव्हरांच्या शिव्या खाऊन ज्याने सगळ्या गावाच्या विटा चाखल्या, त्याने बापाच्या घराची तेवढी चाखली नाही. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरच्या माणसाला कोण ओळखपत्र विचारतं?

भरण घालून झालं, गच्ची लालसर दिसायला लागली. जाड पानांच्या जमिनीलगत पसरणाऱ्या वेली लावल्या, गवताचे झुपके लावले. सगळं झाल्यावर मामाने पिशवीतून रंगाचा एक जुना डबा काढला आणि माझ्या हातात दिला. त्यात पुदिना होता. "आईला सांग, हा तिचाच आहे. नळाखालचा." आणि जिना उतरून निघूनच गेला.

आईने डबा घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं, "कुठे होता म्हणे?"

मी तिला सगळं सांगितलं. चीर, छिन्नी, ताटलीएवढं भोक, पाय द्यायची बंदी. ती ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो स्वतःच्या हाताने लावला, चांगल्या चांगल्या जागा बघून. शेवटी एक मरतुकडं मूळ उरलं. टाकून द्यायचं तिच्याच्याने होईना, म्हणून ते पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात खुपसलं. तिथून टाकीचा पाइप सतत ठिबकायचा आणि कुणी जायचं नाही.

पुढचे काही आठवडे आई इतकी आनंदात होती, की तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. रोज सकाळी वर जायची, खाली आल्यावर बोटांचा वास बाबांना घ्यायला लावायची. खोली खरंच थंड झाली होती. फोनवर मला म्हणाली, "आता मामा आला ना, की त्याला मीच वर घेऊन जाणारे. माझं मी सांगीन त्याला." मीच. माझं मी. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. माझी नोकरी सुटणार होती. तिच्या तोंडून 'दादा' ऐकायला मामा इतकी वर्षं थांबला होता, आणि ते आता आलंच होतं.

मग पुदिन्याच्या पानांच्या कडा करपल्या. आईला वाटलं ऊन लागलं, तिने पाणी वाढवलं. पाणी वाळलं की विटांच्या तुकड्यांवर पांढरं पांढरं दिसू लागलं. आधी पुदिना गेला, मग गवत, मग त्या जाड पानांच्या वेलीही माना टाकू लागल्या. आईचा फोन आला. "मामाला सांग, झाडं चाललीत."

मामा आला त्या दिवशी मीही पोचले होते. आम्ही तिघं वर गेलो. मामाने वाकून एक तुकडा उचलला, बोटाने पुसला आणि जिभेला लावला. या वेळी डोळे मिटले नाहीत आणि थुंकलाही नाही. तसाच गिळला. कठड्यावर बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "लोणा."

आई समोरच उभी होती.

"आईला सांग," मामा म्हणाला, "चूक माझी आहे. मी चाखल्याच नाहीत. घरच्या म्हणून चाखल्या नाहीत."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. झाडांचा राग नव्हता तो. इतकी वर्षं आवळून धरलेली मूठ तिने नुकतीच उघडली होती आणि तिच्या हातावर हे पडलं होतं. "मामाला सांग," ती म्हणाली, "एकदा बुजवलंस ते बुजवलंस. पुन्हा उगवून दाखवायची काय गरज होती?"

हा निरोप पोचवायची गरज नव्हती. मामा उठला आणि जिना उतरून गेला. आईने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.

मी आवारात गेले तेव्हा मामा चाळणीशेजारी नुसता बसला होता. म्हणाला, "अगं, तो लोणा आला कुठून माहितीये? कोब्यातून. जमिनीचं तोंड मी बंद केलं. ओल बिचारी जाणार कुठे? चढली भिंतीत. खालचे सगळे थर खारवले असणार. मी रोज त्या घरात राहत होतो गं, भिंतीचा रंग दर वर्षी सोलून पडायचा, दर वर्षी मीच नवा लावायचो." तो हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "तिची बाग मी दोनदा मारली. एकाच कोब्याने."

"मग आता काही उपाय?"

"उपाय कसला, पाऊस. पाणी जात राहिलं की खार धुऊन जातो. दोन पावसाळ्यांत वीट गोडी होते."

"मग हे आईला सांग ना!"

"नको. सबब सांगितल्यासारखं होईल. चुकलो मी, आणि तू बस पावसाची वाट बघत, असं सांगू तिला?"

मला दोघांचा संताप आला. यांना एका खोलीत कोंडावं आणि किल्ली नदीत टाकावी, असं वाटलं. मामाने नको म्हटलं तरी मी आईला सांगितलं. बाईनेही फोन करून तेच सांगितलं, काढू नका, धुतलं जाईल. आई म्हणाली, "मला झाडांचं काही नाही गं." मध्ये मामाचा निरोप आला, ते सगळं भरण काढून नेतो, नवं घालून देतो. आई खिळ्याला लटकणाऱ्या किल्लीकडे बघत म्हणाली, "मामाला सांग, किल्ली सापडत नाही." तिच्या माहेरच्या विटा होत्या त्या. खारट तर खारट, पण त्याही उचलून नेलेल्या तिला चालणार नव्हत्या. हे मला कळलं. मामाला कळलं नसावं, कारण त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. आई फोडणी देता देता दाराकडे बघायची. तो तिकडे लाजेने बसून, ही इकडे वाट बघत. आणि वर पाऊस पडत होता, पण वर जाऊन बघायला कुणाला सवड नव्हती.

मामाची छाती आधीपासूनच वाजायची. तोंडाला ओलं फडकं बांधून भरडायचं, असा त्याचा नियम होता, पण इतक्या वर्षांची धूळ फडक्याला थोडीच ऐकते. तो इस्पितळात पडला आणि आई रोज डबा घेऊन जाऊ लागली. मी रजा टाकून आले. खाटेच्या एका बाजूला ती, मध्ये तो, पायथ्याशी मी. "मामाला विचार, उशी उंच करू का." मामी कपाळावर हात मारून घ्यायची. "अहो, आता तरी एकमेकांशी बोला! ही पोरगी काय जन्मभर मध्ये उभी राहणार का?" दोघंही ओशाळून हसायची. एकदा मी औषधं आणायला खाली गेले, तिथे बरीच रांग होती. परत आले तर दोघं गप्प. मामी सांगत होती, मी गेल्यापासून एक अक्षर नाही. आईने त्याचा हात मात्र धरून ठेवला होता.

त्या दिवशी मामा म्हणाला, "आईला सांग, एकदा वर जाऊन बघ म्हणावं. पाऊस चांगला झालाय."

आई म्हणाली, "मामाला सांग, आधी बरा हो. मग आपण दोघं मिळून बघू म्हणावं."

मामाने मान हलवली. तो इतका खूश झाला की त्याला ढास लागली. तो बरा झाला नाही.

आई मग वर गेली नाही. दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं ना, मग एकटीने कसं जायचं? मी दोनदा किल्लीला हात लावला, दोनदा ती म्हणाली, "राहू दे." बाबांच्या गुडघ्यांनी जिन्याशी कधीच काडीमोड घेतला होता. गच्ची बंदच राहिली.

मामा जाऊन बरेच महिने झाल्यावर टाकीच्या पाइपची ओल आमच्या भिंतीवर उतरली, म्हणून प्लंबरला बोलावलं. मी त्या वेळी घरीच होते. आईने किल्ली काढून दिली. तो वर जाऊन आला तो हातात हिरवी जुडी घेऊन. घरात शिरताच वास सुटला.

"काकू, वर काय माजलाय हो पुदिना! थोडा नेतोय, चालेल ना? मागच्या वेळीही नेला होता, तेव्हा विचारायचं राहिलं."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मागच्या वेळी म्हणजे कधी?"

"तुमचे भाऊ इस्पितळात होते तेव्हा नाही का. तुम्ही तिकडेच होता, काकांनी किल्ली दिली. तेव्हाही एवढा होता, टाकीमागे. ठिबकतं ना तिथे, त्यावर पोसलाय. ते गळणं बंद करतो आता."

"थांबा," आई म्हणाली. "आज काही करू नका."

ती जिना चढली. मी मागोमाग गेले. गच्चीवर इकडे तिकडे आपोआप आलेलं गवत होतं, मध्येच घोळीची भाजी पसरली होती, बाकी लाल विटा. आणि टाकीमागच्या कोपऱ्यात, त्या मरतुकड्या मुळाच्या जागी, पुदिना. ताटलीएवढा नाही, खाटेएवढा. खालच्या काड्या जुन्या, करड्या, लाकडासारख्या झालेल्या. म्हणजे तो आत्ता उगवला नव्हता. ठिबकणाऱ्या पाण्याने तिथला खार सगळ्यात आधी धुतला होता. मामा चाळणीशेजारी बसून स्वतःला दोष देत होता तेव्हा तो इथे होता. हात धरून दोघं गप्प बसली होती तेव्हाही तो इथे होता. कुलूप उघडून कुणीही सात-आठ पावलं टाकली असती तर.

आई खाली बसली. मुळांमध्ये बोटं घालून तिने विटेचा एक तुकडा काढला, बाहीला पुसला आणि जिभेला लावला. डोळे मिटले. अगदी त्याच्यासारखे.

"मामाला सांग," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली, पण तोंडाशी आलेलं तिला मागे घेता येईना. "मामाला सांग, वीट गोडी झाली म्हणावं."

मी मान डोलावली. जन्मभर मी त्या दोघांचे निरोप पोचवले, एकही हरवू दिला नाही. हा तेवढा अजून माझ्याकडेच आहे.